मास्तरांची डबल सिलिंडर

१२ जून

दादा,

नमस्कार. आधी तब्येतीचं विचारायचं असतं म्हणून विचारते. कसा आहेस? वहिनी कशी आहे? आम्ही ठीक. अण्णांचे गुडघे गेलेत, पण जीभ जागेवर आहे. आमचे हे सकाळी बस घेऊन जातात आणि संध्याकाळी कंबर धरून येतात. झालं. आता कामाचं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे लिहिते आहे. चार इयत्ता शिकलेल्या बाईला पत्र लिहायला लावलंस, तर आता माझं अक्षर भोग.

मी एक मोटरसायकल घेतली. जुनी आहे. डबल सिलिंडर, काळी, टाकीवर सोनेरी पट्टा, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. असलं मॉडेल आता दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही. एवढं वाचून तुला कळलंच असेल कोणाची ते. हो, मास्तरांची. तीच.

पत्र फाडू नकोस. पुढे वाच.

मास्तर गेल्या महिन्यात गेले. छातीचं दुखणं होतं. पायाचा त्याच्याशी काही संबंध नाही, मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. महिना झाल्यावर मी मास्तरीणबाईंकडे गेले. मी दर वर्षा-दोन वर्षांनी जायचे आणि मास्तर मला हसून परत पाठवायचे, "विकायची नाही गं, असू दे पडून." या खेपेला बाईंनीच दार उघडलं आणि न बोलता मागच्या पडवीत नेलं. गाडी ताडपत्रीखाली होती. वर शाळेचे जुने नकाशे, मोडक्या खुर्च्या, एक पृथ्वीचा गोल. गाडी त्या दिवशी जशी ढकलत आणली तशीच. कोणी पाना लावलेला नाही.

तिथे आधीच एक चष्मेवाला हजर. जुन्या गाड्या जमवतो म्हणे. बारा आहेत त्याच्याकडे. सोबत स्वतःचा मिस्त्री आणला होता आणि तो मिस्त्री खाली वाकून ऑइल टाकीकडे बघत होता. मला घाम फुटला.

चष्मेवाला म्हणाला, "ही बाई देईल त्याच्या दीडपट मी देतो."

मास्तरीणबाईंनी विचारलं, "घेऊन करणार काय तिचं?"

"दिवाणखान्यात ठेवणार. वर एक दिवा सोडणार. लोक बघायला येतील."

"आणि तू गं?"

मी म्हटलं, "मी काय करणार, चालवणार."

बाई त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला पाडलंय तिने. जन्माचा लंगडा केला. तिला दिवाणखान्यात बसवून वर दिवे लावू? तू ने गं हिला. चांगली राबव."

अशी मिळाली. किंमत विचारू नकोस. ह्यांनी विचारली आणि दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

टेम्पोतून उतरवली तेव्हा अण्णा गॅरेजच्या दारात स्टुलावर होते. डोळे अधू झालेत, तरी ओळखली. "ही इथे कशाला?" एवढंच म्हणाले. मग उठून जवळ आले, टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आता माझं काम. इंजिन जाम आहे. एकवीस वर्षं जाम आहे. एक पिस्टन चिकटलंय की दोन्ही, कळत नाही. अण्णा म्हणतात तापव आणि वरून लाकूड ठेवून हातोडा घाल. मला पटत नाही. या गाडीचं इंजिन तुझ्याइतकं कोणी उघडलेलं नाही, म्हणून विचारते. काय करू?

एवढंच विचारायचं होतं. दुसरं काही नाही.

तुझी,
बहीण


४ जुलै

दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. वर नाव नाही, खाली सही नाही. "प्लग काढ. डिझेल आणि गिअरचं तेल अर्धं अर्धं ओत. आठ दिवस भिजू दे. हातोडा लावू नकोस." डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा याहून प्रेमळ असते. पण आलं तरी.

अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कोणी कळवलंय?"

मी म्हटलं, "आहे एक ओळखीचा."

त्यांनी कार्ड मागून घेतलं, नाकापाशी धरून बघितलं. म्हणाले, "बरोबर सांगतोय तो. हातोडा नको." कार्ड मला परत दिलं नाही. परवा गादी झटकताना उशीखाली सापडलं. मी परत तिथेच ठेवलं.

आठ दिवस तू लिहिलेस, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी तिसऱ्या दिवशी किक दाबून बघितली, पाचव्या दिवशी बघितली, सहाव्या दिवशी दोनदा बघितली. आठव्या दिवशी सकाळी दाबली तर पाय हलला. नखाएवढा. मी एवढ्याने ओरडले की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

डावं पिस्टन सुटलं. उजवं रिंगांसकट भाजलंय, ते कापून काढलं. दोन्ही सिलिंडर लेथवाल्याकडे दिलेत. लेथवाला म्हणतो, "ताई, असलं लोखंड आता बनत नाही." त्याने ते दोनदा पुसून ठेवलं, स्वतःची पोरं कधी पुसली नसतील. चाकं खोलली. स्पोक अडतीस चांगले, बाकी गंजलेत. मडगार्ड ठोकून सरळ केलं. गिअरबॉक्स आतून नव्यासारखा आहे, तू बसवलेला आहेस. सीटचं चामडं उंदरांनी खाल्लंय, ते मी स्वतः शिवणार. कार्ब्युरेटर अण्णांकडे दिलाय. ते दिवसभर स्टुलावर बसून त्यातली छिद्रं तारेने साफ करतात. साफ झालेली परत साफ करतात. त्यांना बरं वाटतंय.

काल म्हणाले, "सगळी गाडी सोललीस. ऑइल टाकी तेवढी तशीच ठेवलीस. तिने काय तुझं घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "काढेन ना. एवढी काय घाई आहे?"

अण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "घाई काय आहे, असं कोण म्हणतंय बघा!"

मला नाही हसू आलं. मी तिथून उठले आणि उगाच रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. हल्ली माझं हे असंच चाललंय. बूड एका जागी टिकत नाही. पाना ठेवते एकीकडे, शोधते दुसरीकडे. पोस्टमनच्या स्कूटरला क्लचच्या जागी ब्रेकची केबल ओढून दिली. भला माणूस, परत आणून म्हणाला, "बाई, ही चालते, पण मनात येईल तसं." गेल्या वीस वर्षांत मी असली चूक केलेली नाही.

आता विचारायचं ते. मॅग्नेटो बसवताना पिस्टन वर येण्याआधी ठिणगी किती आधी पडायला हवी? अण्णांना आकडा आठवत नाही आणि आठवत नाही हे कबूल करायचं नाही, म्हणून रोज वेगळा सांगतात.

आणखी एक. तू हल्ली काही दुरुस्त करतोस का रे? तिथे, कापडाच्या गोदामात नाही म्हणत मी. घरी. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. माणसाचा हात असा सुटत नाही म्हणून विचारलं. नसेल लिहायचं तर आकडा तेवढा लिही.

तुझी,
बहीण


१ ऑगस्ट

दादा,

आज तब्येतीचं विचारत नाही. तुझा आकडा मिळाला, त्याप्रमाणे मॅग्नेटो बसवला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. ते मला मंगळवारी वहिनीकडून मिळालं.

मी फोन केला. तू नसशील अशा वेळी मुद्दाम केला. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, दादा घरी हत्यारं काढतो का?  वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, आमचा नळ वर्षभर गळतोय. खाली बादली लावलीय. नळवाला आपल्या मर्जीने येतो. हे हात लावत नाहीत. यांच्या सायकलची चेन पडली तरी हातात धरून दुकानात नेतात. लोक हसतात. मी एकदा भांडले, तर म्हणाले, माझ्या हाताने एक माणूस लंगडा झालाय, तेवढा पुरे."

मी फोन ठेवला. गॅरेजात गेले आणि दहा मिनिटांत ऑइल टाकी खाली उतरवली. जी दीड महिना उतरवत नव्हते ती.

आता मी क्रमाने लिहिणार आहे. तुला सगळं माहीत आहे तेही लिहिणार आहे, नाहीतर मी मधेच पळून जाईन.

आपल्या गॅरेजचा नियम होता. जो नट आवळेल त्याने त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. अण्णांचा पांढरा, तुझा पिवळा. मला रंग नव्हता, कारण माझं काम धुवायचं आणि पुसायचं. एका जरी नटावर ठिपका नसला तर गाडी दारातून बाहेर जायची नाही. अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, माणूस विसरेल पण आमचा ठिपका खोटं बोलणार नाही.

त्या दिवशी मास्तरांची गाडी तू पूर्ण बांधलीस. फक्त ऑइल टाकीपासून इंजिनाला जाणारा तेलाचा पाइप लावायचा राहिला होता. टाकी मी धुतली होती आणि धूळ जाऊ नये म्हणून तिच्या खालच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याचं, निळ्या चौकड्यांचं. तू समोर चहा प्यायला गेलास. मास्तर दारात उभे होते, सारखे घड्याळ बघत. "झाली का गं? शाळेत बैठक आहे." मी म्हटलं, झालीच. पाइप मी लावला. नट मी आवळला. घट्ट, चांगला. मग तुझ्या डबीत काडी बुडवून त्यावर पिवळा ठिपका दिला.

फडकं काढलं नव्हतं.

घाई होती हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. घाई असती तर मी तुला हाक मारली असती, तू वीस पावलांवर होतास. मला तो ठिपका द्यायचा होता. पंचविशीची झाले होते आणि माझ्या नावावर एक नट नव्हता. ठिपका दिल्यावर मी जरा मागे सरून बघितलासुद्धा.

तू आलास, वरवर नजर फिरवलीस, सगळीकडे पिवळं दिसलं, तू तेल भरून मास्तरांना किल्ली दिलीस. आठ किलोमीटरवर इंजिन धरलं, मागचं चाक अडकलं आणि मास्तर रस्त्यावर. तू आणि अण्णा बघायला गेलात. मास्तरीणबाईंनी गाडीला हात लावू दिला नाही. तेलावाचून जळलंय हे अण्णांनी वासावर ओळखलं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "तेलाचा पाइप कोणी लावला? ठिपका पिवळा आहे." आणि तू म्हणालास, "मी."

मी रॉकेलच्या परातीपाशी उभी होते. टेबलावर फडकं शोधत होते. ते तिथे नव्हतं. अण्णांनी तुझ्या मुस्कटात मारली, तिशी ओलांडलेल्या माणसाच्या, गिऱ्हाइकांसमोर. मी तोंड उघडलं नाही. आठवड्याने तू गेलास.

आता जे कोणालाच माहीत नाही ते. मला आजपर्यंत वाटायचं की तुला माहीत आहे. आपण नट आवळला की नाही हे कोणत्या मिस्त्रीला आठवत नाही? तू मला वाचवायला खोटं बोललास आणि मग माझं तोंड बघवेना म्हणून गेलास, असं मी धरून चालले. मला तुझा रागसुद्धा यायचा. म्हणायचे, एवढा मोठेपणा करायला सांगितला होता कोणी? फोन उचलत नाही म्हणजे बरोबर आहे, त्याला माहीत आहे. एकवीस वर्षं मी या एका गोष्टीवर जगले. मंगळवारी वहिनीने ती काढून घेतली.

तुला माहीत नव्हतं. तू ठिपका बघितलास आणि स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडून ठिपक्यावर ठेवलास.

गाडी घेतली तेव्हा तुझ्यासाठी घेतली असं म्हणवून घ्यायला मला आवडलं असतं. पण मी ती घेतली ती दुसऱ्या कोणी ऑइल टाकी उघडू नये म्हणून. फडकं काढायचं, जाळायचं आणि गाडी चालवायची, एवढाच बेत होता. मग दीड महिना तिला हात का लावला नाही ते मला सांगता येत नाही.

फडकं आत आहे. बुचासारखं कडक, काळं. चिमट्याने ओढलं तर आतल्या बाजूला दोन चौकड्या अजून निळ्या आहेत. जाळलं नाही.

अजून एक उरलंय, ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करणार नाही. तू गेल्यावर अण्णांना हात कमी पडायला लागला. महिनाभर कुरकुरले आणि मग एके दिवशी पाना माझ्यापुढे टाकला. इंजिन मला शिकवलं. गॅरेज माझं झालं. पाटीवर नाव नाही, पण लोक म्हणतात बाईचं गॅरेज. मला ते आवडतं, दादा. पहिल्यापासून आवडलं. तू परत यावास असं मी तोंडाने म्हणायचे, आणि तू आला नाहीस की पोटात कुठेतरी बरं वाटायचं. माझी चूक फडक्याची आहे. पाप हे आहे.

माफ कर वगैरे लिहीत नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. फक्त एक वाच आणि तीनदा वाच. तो नट तू आवळला नव्हतास. मी आवळला होता. तुझ्या हाताने काही झालेलं नाही.

नट आवळणारी,
तुझी बहीण


२१ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र काल आलं. आठ पानं, पाठपोट. सात आठवडे काही नाही आणि मग एकदम आठ पानं. आधी माझ्याकडचं सांगते, मग त्याच्याकडे येते.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. ते कार्ब्युरेटरचं छिद्र साफ करत होते, करतच राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "नट आण."

तो नट मी ठेवला होता. ठिपक्याचा रंग थोडा उडालाय, पण आहे. अण्णांनी खिडकीशी जाऊन, डोळ्याला लावून, भिंगातून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो डावरा आहे."

मी म्हटलं, "हो, मग?"

"त्याचा ठिपका डाव्या अंगाला ओढला जायचा. सगळ्या नटांवर तसाच आहे. हा उजवीकडे ओढलाय." मग म्हणाले, "मी रंग बघितला. ओढ बघितली नाही. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतलं."

मला वाटलं मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते स्टूल उचलून आत गेले आणि चार दिवस बाहेर आले नाहीत. जेवण ह्यांच्या हातून घेतलं, माझ्या हातून नाही. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, "तो हात उचलताना मला काही वाटलं नव्हतं. आता वाटतंय. तुला काय वाटायचं ते तू बघ." त्यानंतर या विषयावर बोललेले नाहीत. कामाचं बोलतात.

मग मास्तरीणबाईंकडे गेले. फडकं कागदात गुंडाळून नेलं आणि पुढे ठेवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं तू यायचीस. गाडी विकता का, गाडी विकता का. आम्हाला वाटायचं, चांगली बाई आहे, आठवणीने येते."

त्यांनी फडक्याचा कागद पुन्हा गुंडाळला.

"तुझ्या भावाला मी रोज शिव्या घातल्या. ह्यांना जिना चढवताना प्रत्येक पायरीला एक. त्या आता मी परत कशा घेऊ?"

मी म्हटलं, "मला घाला."

"तुला नव्याने घालीन. त्या निराळ्या." मग उठून दार उघडून उभ्या राहिल्या. "आज मी तुला चहा विचारणार नाही," म्हणाल्या. दाराबाहेर पडल्यावर मागून हाक मारली, "गाडी परत नको हो मला. राबव म्हटलंय ना, राबव." त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. काय लिहितील मला माहीत नाही.

आता तुझं पत्र. मी ते अण्णांना वाचून दाखवलं, सगळं, माझ्याबद्दलचंसुद्धा. मला दोनदा थांबावं लागलं, दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "वाच."

तू लिहिलंस, "मला तो नट आवळल्याचं आठवत नव्हतं. मी रोज आठवायचो. पाना कुठल्या हातात होता, किती वेढे दिले, बोटांना काय लागलं. गोदामात गाठोडी मोजता मोजता आठवायचो. शेवटी मी ते आठवून काढलं. खोटं खोटं, पण पक्कं. आता तू सांगतेस ते घडलंच नाही. मग मला जे आठवतंय त्याचं मी काय करू?"

 

तू लिहिलंस की माझं पत्र वाचून तू तिशीचा होणार नाहीस. खरं आहे. तू लिहिलंस की मी पापाचं लिहिलं तिथे तुला पहिल्यांदा माझ्यावर विश्वास बसला, आणि तिथेच सगळ्यात जास्त चीड आली. तेही मान्य. तू मला ज्या शिव्या दिल्यास त्यातल्या दोन मला माहीत नव्हत्या, अण्णांना विचारून घेतल्या.

आणि मग आठव्या पानाच्या शेवटी, सही न करता, ही एक ओळ. "तेलाचा पंप उघडून साफ केल्याशिवाय इंजिन सुरू करू नकोस. पंप तू उघडू नकोस."

मी ती ओळ वाचली. अण्णा म्हणाले, "परत वाच." परत वाचली.

"येतो म्हणालाय का?"

"नाही."

"मग पंप कोण उघडणार?"

"ते लिहिलेलं नाही."

अण्णांनी बोटांवर मोजलं. म्हणाले, "पंपाला सहा नट आहेत. अर्ध्या तासाचं काम. तुला डोळे मिटून येतं."

मी म्हटलं, "येतं."

गाडी उभी आहे, दादा. सिलिंडर लेथवाल्याकडून आले, बसवले. स्पोक भरले, चाकं सरळ केली. सीट मी शिवली, टाके मोजून घे हवे तर. सोनेरी पट्टा रंगाऱ्याने एका श्वासात मारला, मी बघत होते. ऑइल टाकी आतून चार वेळा धुतली, आणि मी धुतली म्हणून अण्णांनी पाचव्यांदा बघितली. फक्त तेल भरायचं आणि किक मारायची. चष्मेवाला आठवड्यातून दोनदा येतो, गाडीभोवती फिरतो आणि म्हणतो, "बाई, आवाज तरी ऐकवा एकदा." न्हावी विचारतो, पोस्टमन विचारतो. ह्यांनी पैज लावलीय की रविवारपर्यंत मी फुटेन.

माझे हात शिवशिवतात. सकाळी आले की पंपासमोर जाऊन उभी राहते. तुझी ओळ आठवते आणि पोस्टमनच्या स्कूटरकडे वळते. तिची केबल आता तीन वेळा नीट केलीय, त्याची तक्रार नव्हती तरी.

तू कधी येशील ते लिहिलं नाहीस. येशील असंही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. वर्ष लागलं तरी चालेल, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. मला एक आठवडासुद्धा जड जातोय. तरी थांबले आहे. थांबता येतं की नाही ते मलाच माहीत नव्हतं.

पंपाला हात न लावलेली,
तुझी बहीण